शंभरातला एक भाग

(दृश्य: बर्फाने झाकलेली शेतं, जुनी मोटार)

फेब्रुवारी 1933. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, खराब झालेला स्वीट क्लोव्हरचा चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये जनावराचं रक्त. ते गोठलेलंच नव्हतं.

जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांचे सहकारी या चाऱ्याच्या मागे लागले. 1939 मध्ये त्यातून रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल हे रसायन हाती आलं. त्याच कुळातलं वॉरफरिन आधी उंदीर मारायला विकलं गेलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं.

(दृश्य: तळहातावर छोटी गोळी)

ही गोळी आतड्यातून जवळजवळ सगळी शोषली जाते. रक्तात शिरताच तिचा 99 टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. मोकळा राहतो तो एक टक्का, आणि काम करतो तेवढाच. म्हणून तर एखाद्या नव्या औषधाने किंवा आजाराने हा हिशेब जरा हलला, तरी डॉक्टर लगेच रक्त तपासायला सांगतात.

तो मोकळा भाग यकृतात जातो. रक्त गोठवणारी काही प्रथिनं तिथे तयार होतात आणि ती कामाची व्हायला के जीवनसत्त्व लागतं. वापरलेलं के जीवनसत्त्व एक विकर (एन्झाइम) पुन्हा ताजं करतं. वॉरफरिन नेमकं त्या विकरालाच अडवतं. पण आधी तयार झालेली प्रथिनं रक्तात फिरतच असतात. त्यांतलं ‘फॅक्टर सात’ नावाचं प्रथिन काही तासांत ओसरतं, प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला मात्र दोन-तीन दिवस लागतात. गोळीचा पूर्ण परिणाम चार-पाच दिवसांनी दिसतो, तो यामुळे.

औषध जास्त झालं तर उतारा के जीवनसत्त्वाचाच. हे जीवनसत्त्व डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांतून शोधलं. मोठ्या मात्रेत दिलं की शरीरातलं दुसरं एक विकर ते वापरात आणतं, आणि त्याला वॉरफरिन अडवू शकत नाही. तरीही यकृताला नवी प्रथिनं घडवायला तास लागतात. रक्तस्राव जोराचा असेल तर डॉक्टर प्लाझ्मा किंवा तयार प्रथिनंही देतात.

(दृश्य: मंडईतल्या मेथी-पालकाच्या जुड्या)

आपल्याकडे हृदयात धातूची झडप बसवलेल्या माणसांना झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा त्याच जातीचं एसिनोकुमारॉल आयुष्यभर घ्यावं लागतं. घरचे घाबरून पालेभाज्याच बंद करतात. तसं करायचं नसतं. मेथी, पालक, शेपू खुशाल खावेत, मात्र दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात. एरवी पालेभाजीला हात न लावणाऱ्याने अचानक रोज वाटीभर पालक खाल्ला, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) घसरतो आणि झडपेवर गुठळी बसण्याचा धोका वाढतो.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या इंजेक्शनवर, किंवा त्याच कामाच्या अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांवर, के जीवनसत्त्वाचा उतारा चालत नाही. त्यांचे उतारे निराळे. म्हणून अपघात विभागात पहिला प्रश्न असतो: गोळी नेमकी कोणती? तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा.