चरख्याआडचे गांधीजी

[दृश्य: टेबलावर फोटोची मोठी प्रत. दोन काळे पुठ्ठे हळूहळू पुढे सरकतात.]

फोटोचा कुठला भाग ठेवायचा, कुठला कापायचा, हे पाहायला एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे. सरांनी बुटांच्या खोक्यातून कापलेत आणि वर काळा रंग मारलाय. आजच्या तासाला एवढंच साहित्य. आणि हा एक फोटो.

तो तुम्ही पाहिलेला आहे. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली पुण्यात, अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काढलेला. फोटोत काय दिसतं, असं विचारलं की अख्खा वर्ग म्हणतो, ‘सूत कातणारे गांधीजी.’

हात बघा. हातात कागद आहेत. गांधीजी वाचत बसलेत.

[दृश्य: पुठ्ठ्याने चरखा झाकला जातो.]

चरखा झाकला. उरले चष्म्यातून कागद वाचणारे, उघड्या अंगाचे एक आजोबा. कुणाच्याही घरातले असतील.

[दृश्य: पुठ्ठा बाजूला.]

आता चरखा परत आला. तो गांधीजींच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या जवळ आहे, म्हणून असतो त्याहून मोठा वाटतो. नजर आधी त्या काळ्या आऱ्यांना अडते आणि मग मागच्या माणसापर्यंत पोचते. बातमीचा नायक मागे बसवायचा आणि अवजार पुढे घ्यायचं, याला धाडस लागतं. आजच्या गर्दीत एखादा फोटोग्राफर चरखा सरकवा म्हणाला असता.

[दृश्य: खादी केंद्रातल्या मावशी, पेळू आणि सूत.]

फोटोच्या आधी एक परीक्षा झाली होती. सूत कातता येतं का, असं बर्क-व्हाइटबाईंना गांधीजींच्या सचिवांनी विचारलं. येत नव्हतं. मग आधी शिका, म्हणाले. जगभर युद्धाचे फोटो काढून आलेली बाई मुकाट्याने चरख्यासमोर बसली.

मावशींचा हा पेटीचरखा. फोटोतला उभ्या चाकाचा, पण हाताचं काम तेच. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, जरा जास्त ओढला की सूत तुटतं. आमच्या कॅमेऱ्यासमोर चार वेळा तुटलं. मावशी एकदाही वैतागल्या नाहीत. वैतागलो आम्ही.

[दृश्य: संग्राहकाच्या हातात जुना कॅमेरा, फ्लॅशचा बल्ब.]

शिकून झालं तरी अटी होत्याच. गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यामुळे बोलायचं नाही. आणि फ्लॅशचे बल्ब फक्त तीन.

हा त्या काळातला बल्ब. काचेच्या आत धातूचे केसासारखे तंतू. एकदा भपकन पेटला की संपला, फेकून द्यायचा. कॅमेऱ्यात फिल्मचं एकेक पान घालायचं, पुढची पट्टी ओढायची, मग खटका. पट्टी ओढायची राहिली तर सगळी मेहनत अंधारात. शटर आणि बल्ब यांची वेळ जुळली नाही, तरी तेच. शिवाय समोरच्या खिडकीतला उजेड थेट भिंगात येणारा.

पहिला बल्ब वाया गेला. दुसराही गेला.

तिसऱ्याने हा फोटो दिला.

[दृश्य: फोटो पूर्ण, स्थिर. दहा सेकंद निवेदन नाही.]

वर्गातल्या एका मुलीने पुठ्ठा वरून खाली आणला आणि मागची भिंत कापली. मोबाईलच्या चौकोनात बसेल असा फोटो झाला. गांधीजी मोठे दिसू लागले, पण खोली गेली. तिचं तिलाच जाणवलं असावं. काही न बोलता तिने पुठ्ठा उचलला.

[दृश्य: जुन्या अंकांची पानं.]

फोटो काढला होता भारतातल्या नेत्यांवरच्या लेखासाठी. त्या लेखात तो आलाच नाही. पुढे गांधीजींच्या निसर्गोपचारांवरच्या मजकुराच्या डोक्यावर छोटासा छापला गेला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्याच्या काही तास आधी बर्क-व्हाइट त्यांना भेटल्या होत्या. नंतर ‘लाइफ’ने हाच फोटो अर्धं पान भरून श्रद्धांजलीला लावला. फोटोसोबतची ओळ बदलली आणि वाचणारा माणूस निरोप घेणारा वाटू लागला.

[दृश्य: सर आजचा पेपर पसरतात. मुलं पुठ्ठे घेऊन वाकतात.]

आता पुठ्ठे आजच्या पहिल्या पानावर. पुलावरून वाहणारं गढूळ पाणी, काठावर छत्र्या. पुठ्ठा डावीकडून सरकतोय. खालच्या कोपऱ्यात, कापणार त्याच कडेला, एक चप्पल.