गळ, बंदूक आणि दोघांचा स्टुडिओ

(दृश्य: गेमचा पडदा. होडी, पाणी.)

होडीतला हा बिली. त्यानं गळ सोडलाय. फोन डावी-उजवीकडे कलवत गळ खोल न्यायचा आणि वाटेतले मासे चुकवायचे. हो, चुकवायचेच. एखादा लागला की दोरी वर निघते आणि खेळ उलटा होतो. आता जेवढे मिळतील तेवढे गोळा करायचे. गळ पाण्याबाहेर आला की मासे आभाळात उडतात आणि बिली बंदूक काढतो. टिपलेल्या माशाचे पैसे मिळतात. जेलीफिश टिपला, तर कापले जातात.

'रिडिक्युलस फिशिंग', २०१३. तेव्हाची किंमत २.९९ डॉलर. ती एकदा दिली की पुढे हा गेम तुमच्याकडे छदामही मागत नसे.

(दृश्य: उट्रेख्त, कालवे, सायकली.)

नेदरलँड्समधलं उट्रेख्त. इथल्या कला विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून यान विलेम नायमन आणि रामी इस्माईल यांनी २०१० मध्ये 'व्लाम्बेअर' स्टुडिओ काढला. नायमन गेम रचायचे. धंदा, बोलणी, जाहिरात हे इस्माईल यांच्याकडे.

'सुपर क्रेट बॉक्स' हा गेम त्यांना फुकट द्यायचा होता. मग पैसे आणायचे कुठून? ब्राउझरसाठी एक छोटा फ्लॅश गेम करून विकला, 'रॅडिकल फिशिंग'. ट्यूना मासेमारीवरच्या एका माहितीपटात पाण्याबाहेर भिरकावलेले मासे संथ गतीत हवेतून जाताना नायमन यांनी पाहिले होते. बंदूक त्यांनी आपल्या पदरची घातली.

(दृश्य: 'सुपर क्रेट बॉक्स', आधी संथ, मग मूळ वेगात.)

आता नीट पाहा. गोळी सुटली की बंदूक मागे सरकते. गोळी लागली की शत्रू क्षणभर पांढरा चमकतो. मोठा स्फोट झाला की अख्खा पडदा हादरतो. या स्टुडिओची खरी कमाई हीच. २०१३ मधल्या एका व्याख्यानात नायमन यांनी ही कारागिरी उलगडून दाखवली. आधी एक अगदी मिळमिळीत नेमबाजीचा गेम. मग गोळ्या मोठ्या केल्या. त्यांचा वेग वाढवला. मेलेले शत्रू जमिनीवर तसेच पडू दिले. नेम लागला की गेम काही सहस्रांश सेकंद थबकवला. प्रत्येक बदल बारीक. पण शेवटी जे समोर येतं, ते हातातून खाली ठेववत नाही. नियम कोणीही उचलेल, ही हातोटी कशी उचलणार?

नियम मात्र उचलले गेले.

(दृश्य: दोन गेम शेजारी शेजारी.)

२०११. 'रॅडिकल फिशिंग'ची आयफोन आवृत्ती, म्हणजेच 'रिडिक्युलस फिशिंग', उट्रेख्तमध्ये अजून घडत होती, तोवर दुसऱ्याच कंपनीचा 'निन्जा फिशिंग' अ‍ॅप स्टोअरवर आला. गळ खाली, मासे चुकवा, वर येताना गोळा करा, हवेत उडवा. बंदुकीच्या जागी तलवार. तो चांगला खपलाही. कोर्टात जावं, तर कॉपीराइट कोडला असतो, चित्रांना असतो, खेळण्याच्या पद्धतीला नसतो. कायदा असा असेल, पण ही दोन चित्रं शेजारी पाहून ज्याचं त्यानं ठरवावं.

टीमचा धीर खचला, काम रेंगाळलं.

(दृश्य: खोल समुद्राची चित्रं, संगीत.)

या तिरक्या, कोनदार रेषा ग्रेग वोलवेंड यांच्या. माशांपासून लाटांपर्यंत सगळं त्याच मापात. संगीत एरिक सुर्के यांचं आणि कोडिंगला न्यूयॉर्कचे झॅक गेज. १४ मार्च २०१३ ला गेम आला. त्याच वर्षी अ‍ॅपलचा डिझाइन पुरस्कार आणि आयफोनवरचा वर्षातला सर्वोत्तम गेम, हे दोन्ही मान त्याला मिळाले. मूळ कोणाचं, हे तेव्हा कोणालाच विचारावं लागलं नाही.

(दृश्य: विमानं, धूर.)

हा 'लुफ्तराउझर्स'. याचीही नक्कल मूळ गेमच्या आधीच बाजारात हजर! पुढचा 'न्यूक्लिअर थ्रोन' तर त्यांनी थेट प्रक्षेपण करत, सगळ्यांदेखत घडवला. पत्रकारांसाठी गेमच्या माहितीचं पान तयार करणारं, इस्माईल यांनी बनवलेलं 'प्रेसकिट' हे साधन जगभरचे छोटे स्टुडिओ वापरतात, फुकट.

१ सप्टेंबर २०२० ला, बरोबर दहा वर्षांनी, दोघांनी व्लाम्बेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये 'रिडिक्युलस फिशिंग ईएक्स' अ‍ॅपल आर्केड या अ‍ॅपलच्या वर्गणीवरच्या गेम-सेवेवर आला, त्रिमितीय रूपात.