थंडीवर आळ, उन्हाचा घाव

दृश्य : डिसेंबर, पहाटेचे साडेसहा. गोव्यातले वाळपई. म्हादईच्या अंगाने धुके, अंगणातल्या गाडीच्या काचेवर दव. सेल्फचा (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा) आवाज : घर्र… घर्र… टक्. गाडी चालू होत नाही.

निवेदन :

थंडीचे दिवस आले की सत्तरी-सांग्याच्या अंगणांतून हा आवाज येऊ लागतो. निदानही लगेच होते : गारठा पडला ना, म्हणून.

पण गोव्याचा गारठा तो केवढा? पहाटे पारा 18-20 अंशांवर आला की आपण कानटोपी शोधतो. बॅटरीच्या लेखी ही थंडी नव्हेच. शून्य अंशाला तिची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. 18 अंशांना फरक नावापुरता. धडधाकट बॅटरीने या हवेत इंजिन एका झटक्यात फिरवायला हवे. फिरवत नसेल, तर दुखणे जुने आहे. बहुधा एप्रिल-मेमधलेच.

बॅटरीला मारते ते ऊन. बॉनेटखालच्या उकाड्याने आतले पाणी उडते, प्लेटांची शिशाची जाळी गंजत जाते. तापमान 10 अंशांनी चढे राहिले तर आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही, कारण इंजिन ऑइल पातळ असते आणि थकलेली बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबरात ऑइल थोडे घट्ट होते, बॅटरी थोडी मंदावते, आणि झाकलेले उघडे पडते.

दृश्य : हेडलाइट सुरू. चालक किल्ली फिरवतो.

मेकॅनिकला फोन करण्याआधी ही एक चाचणी करा. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले आणि टक्-टक्-टक् आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. दिवे तसेच लखलखीत आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फला वीज पोचवणारी रिले, सॉलेनॉइड किंवा क्लच पेडलचा स्विच पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर प्रश्न इंधनाचा किंवा स्पार्कचा. आणि कसेही असो, सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. न थांबता मारत राहिले की सेल्फची मोटर तापते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे मीटर. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरताना आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच 8 वर कोसळली, तर ती चार्ज करून उपयोग नाही, बदलायचीच. गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. 12 च्या आसपासच घोटाळत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज बनवणारे यंत्र) बॅटरी भरत नाही.

दृश्य : अगदी जवळून. ऋण टर्मिनलभोवती पांढरी-हिरवी बुरशी, खाली अर्थिंगची विणलेली पट्टी.

कळंगुट असो वा वास्को, किनाऱ्याजवळच्या गाडीत बॅटरी नवी असूनही सेल्फ रडतो, तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार इथे सापडतो. खाऱ्या हवेने इंजिनकडे जाणारी अर्थिंगची पट्टी आतून खाल्ली जाते. वरून ती शाबूत दिसते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर, तिच्यावर आवळलेल्या तारेच्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर वीज वाटेतच अडते आहे. मग खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असे टप्प्याटप्प्याने मोजा. जिथे आकडा उडी मारतो तिथे खोट. नवी बॅटरी घेण्याआधी ही पाच मिनिटे द्यावीतच.

साफसफाईला बहुतेक गाड्यांत दहाचा पाना पुरतो. आधी ऋण टर्मिनल सोडा. धन आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्यांचा पाऊस. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, फेस बसला की साध्या पाण्याने धुवा. पाण्याच्या बॅटरीची झाकणे तेवढी घट्ट हवीत, सोडा आत जाऊ देऊ नका. सुकवा, पॉलिश पेपरने चकाकी आणा, आता धन आधी जोडा, ऋण शेवटी. व्हॅसलीन नट आवळल्यानंतर वरून. आत कमी झालेली पातळी भरायची ती डिस्टिल्ड वॉटरने, विहिरीच्या पाण्याने कधीच नाही.

डिझेल गाडी सकाळी पांढरा धूर सोडत थरथरत असेल, तर गार इंजिनाला आतून ऊब देणारे हीटर प्लग तपासून घ्या, आणि डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणीही काढा. पावसाळ्यानंतर ते साचलेले असू शकते. पेट्रोल गाडीत चावी ऑनवर दोन सेकंद ठेवून बंद करा, असे तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली, तर रात्रभरात इंधनाचा दाब उतरतो आहे.

दृश्य : बार्देशातले घर. पोर्चमध्ये कव्हर घातलेली गाडी.

घरचा माणूस बोटीवर नोकरीला, गाडी सहा-आठ महिने उभी. मग वडील आठवड्यातून एकदा ती चालू करून पाच मिनिटांनी बंद करतात. हेतू चांगला, पण सेल्फने खाल्लेले पाच मिनिटांच्या आयडलिंगवर भरून येत नाही. बॅटरी दर आठवड्याला थोडी उतरत जाते. अर्धा तास रस्त्यावर फिरवणार असाल तरच चालू करा. नाहीतर बॅटरी पूर्ण भरून ऋण टर्मिनल सोडा, कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. बॉनेट लावण्याआधी किल्ली हातात आहे ना, ते पाहा. बॅटरी सोडल्यावर सेंट्रल लॉक चालणार नाही, दार किल्लीनेच उघडावे लागेल.