शेवटचं टिंब

मंडळी, पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘संकेतस्थळांची सुरक्षितता’ असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मला बोलायचंय टिंबावर.

‘घरांत’, ‘कां’, ‘मी जातों’ असं लिहिणारे आजोबा कुणाकुणाचे होते? वा, बरेच हात वर आहेत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. आमच्या आजोबांनी मात्र शेवटच्या पोस्टकार्डापर्यंत एकही सोडला नाही. आजी म्हणायची, यांची निम्मी शाई टिंबांतच जाते. तर कागदावर टिंब आहे, एक वाचणारा ते मोजतो, दुसरा सोडून देतो. एवढं लक्षात ठेवा.

आता २०१३. एका मंडळाची साइट मी फुकट सांभाळायचो. नाव सांगत नाही, दोन विश्वस्त सभागृहात असतील. साइट जूमलावर होती, म्हणजे साइट बनवायच्या-सांभाळायच्या एका फुकट प्रोग्रामवर. हे नाव स्वाहिली ‘जुम्ला’वरून आलंय, अर्थ ‘सगळं मिळून’. मूळ अरबी. आपल्या जुन्या हिशेबांच्या कागदांत बेरजेखाली ‘जुमला’ लिहायचे, तोच हा शब्द. निवडणुकीतला जुमला नंतरचा. (हशा)

ऑगस्टच्या सुरुवातीला जूमलाची २.५.१४ आवृत्ती आली. मी चिटणीसांना म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाकू. ते म्हणाले, “चाललंय ना? मग कशाला हात लावायचा? गणपती होऊ द्या.” विषय कार्यकारिणीपुढे गेला आणि मांडवाच्या कापडाखाली दबला. त्यात फोटो चढवायला अकरा जणांत मिळून एकच खातं, आणि पासवर्ड कचेरीतल्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात.

चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन. “अहो, आपल्या वर्गणीच्या पानाखाली कुणीतरी परदेशी गोळ्या विकायला ठेवल्यात!” कसल्या गोळ्या ते चिटणीसांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोटोंचा फोल्डर उघडला. आरती एक डॉट जेपीजी, आरती दोन डॉट जेपीजी, आणि मध्येच पालखी डॉट पीएचपी डॉट. पीएचपी म्हणजे फोटो नव्हे, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. ते शेवटचं टिंब मी पडद्यावरची धूळ समजून बोटाने पुसायला गेलो. पुसलं जाईना.

त्याचं असं होतं, की जूमलाचा मीडिया मॅनेजर, म्हणजे फोटो चढवून घेणारा भाग, फाइलच्या नावातलं शेवटचं टिंब शोधायचा आणि पुढे काय आहे ते बघायचा. जेपीजी असेल तर आत, पीएचपी असेल तर बाहेर. इथे टिंबापुढे काहीच नाही. रिकाम्या जागेला हरकत घ्यावी, हे तपासणीत लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून फाइल आत. आणि साइटची पानं पुरवणारे अपाचे नावाचे सर्व्हर पुष्कळ ठिकाणी असे मांडलेले, की त्यांच्या लेखी ते टिंब अनुच्चारित! नावात पीएचपी दिसलं की फोटो म्हणून दाखवायचं सोडून ते प्रोग्राम म्हणून चालवायचं. तपासणारा टिंब मोजतो, चालवणारा सोडतो. जूमलाच्या २.५.१४ आणि ३.१.५ या आवृत्त्यांमध्ये हेच दुरुस्त झालं, शेवटची टिंबं छाटायला लागले. म्हणजे १९६२चाच नियम, एक्कावन्न वर्षं उशिराने.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि जाहिरातीत लिहिलेले ‘उपाय’ अजून बाकीच आहेत. तर भराभर.

चढवलेल्या फाइली ज्या फोल्डरात जातात तिथे पीएचपी चालणारच नाही, अशी सर्व्हरवर सोय करा. बाकी सगळं चुकलं तरी हे वाचवतं. फाइलचं आलेलं नाव ठेवूच नका, स्वतःचं द्या. परवानगीची यादी करा, बंदीची नको, कारण बंदीच्या यादीत काहीतरी राहतंच. नुसत्या नावावर जाऊ नका, फाइल खरंच चित्र म्हणून उघडते का बघा, पण त्यावरही विसंबू नका, खऱ्या चित्राच्या पोटात पीएचपी लपवता येतं. आणि नको असलेले प्लगइन, म्हणजे साइटला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, काढून टाका. २०२० साली वर्डप्रेसच्या, म्हणजे जूमलासारख्याच दुसऱ्या प्रोग्रामच्या, फाइल मॅनेजर प्लगइनमध्ये नमुन्यादाखल आलेली एक फाइल नावाच्या शेवटच्या ‘डिस्ट’चं ‘पीएचपी’ करून, म्हणजे चालेल अशी करून, तशीच ठेवली होती. पासवर्डही लागत नव्हता, पत्ता माहीत असेल तो काहीही चढवू शकत होता. सात लाखांवर साइटींवर ते प्लगइन होतं. ६.९ आवृत्तीत ते भगदाड बंद झालं. इथे तर टिंबाचीही गरज नव्हती, पण नावाचाच घोळ—

हो, हो, उठतोच. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि विश्वस्त आले असतील तर कॅलेंडर बदललंत का, तेवढं सांगा.