करिअरच्या आधीचं थोडं

नमस्कार मंडळी.

समितीनं विषय दिला होता 'मुलांचं करिअर'. मी तो जरा अलीकडे ओढलाय, कारण दहा वर्षांच्या पोराला करिअर पेलत नाही. आवड रुजते कशी, आणि आपण मोठी माणसं ती घालवतो कशी, यावर बोलतो.

१९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच हौस असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच रंगपेनं मांडली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्यापाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी शाबूत होती. म्हणजे बक्षीस नव्हे, सौदा नडला. आणि सौद्यात आपण पटाईत! पोरगी दोन सूर बरे लावते न लावते तोच क्लास, परीक्षा, स्पर्धा, वर 'कॉलेजच्या अर्जात उपयोगी पडेल' हे आहेच.

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या चमूनं नामवंत पियानोवादक, जलतरणपटू, गणितज्ञ अशा १२० जणांची जडणघडण तपासून १९८५ मध्ये मांडली. पियानोवादकांचे पहिले शिक्षक बहुतेक साधेच होते, घराजवळचे, पण मायाळू. कडक सराव पुढे आला. आपण नेमके उलट्या टोकानं सुरू करतो.

मूल कशात रमतं हे वरवर कळत नाही. आत्ता विंगेत एक मुलगा आहे. नाटकात काम नको म्हणाला. दुपारपासून माइकच्या वायरींना चिकटपट्टी लावून नंबर घालतोय, कुणाचा माइक कधी सुरू करायचा ते संहितेच्या समासात पेन्सिलीनं लिहितोय. 'साउंड इंजिनिअर होणार वाटतं' म्हणून मोकळे होऊ नका. त्याला आवाज आवडतो, घोळ निस्तरणं आवडतं, की आपल्यावाचून अडतं हे आवडतं? तीन वाटा तीन वेगळ्या कामांकडे जातात. त्यालाच विचारा. उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही.

आता जरा टोचणारं. घरी आपण कामाबद्दल काय बोलतो? बॉस, डेडलाइन, लेऑफ, व्हिसा. पगार लागतो, हे लपवायचं कारण नाही. पण रुग्णालयातल्या सफाई कामगारांच्या एका अभ्यासात काहींनी आपलं काम रुग्ण बरे करण्याचाच भाग मानलं होतं, तर त्याच कामात इतरांना नुसती झाडलोट दिसत होती. आज कुणाचं अडलेलं आपल्यामुळे सुटलं, हेही मुलांच्या कानावर पडू द्या.

मंडळाला एक सुचवतो. शनिवारचा अर्धा दिवस एकमेकांच्या मुलांना आपलं काम दाखवू. नर्स, ट्रकचालक, प्रोग्रॅमर, सगळेच. स्वतःच्या आईबापांना जे विचारत नाहीत, ते मुलं दुसऱ्यांच्या आईबापांना बिनधास्त विचारतात. नावं लिहायला वही दाराशी ठेवली आहे.