एका गळाला एक मासा

जुलैच्या सुरुवातीला अलास्कातील सिटका गावात पहाटे चारच्या सुमारासच उजाडू लागते. समोर दिसतो आहे तो क्रूझॉफ बेटावरचा माउंट एजकम्ब हा ज्वालामुखी, आणि त्याच्या पायथ्याच्या समुद्रात निघालेली ही छोटी होडी सॅमन माशाच्या शोधात आहे. होडीवर माणसे दोनच आहेत. किंग ही सॅमनचीच एक जात, आणि तिच्या मासेमारीचा उन्हाळी हंगाम १ जुलैला उघडतो.

दोन्ही बाजूंचे उंच खांब आता हळूहळू बाहेरच्या बाजूला कलतील. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर तळ खरवडत जाळे ओढणारा ट्रॉलर सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन्ही नावे कानाला सारखीच लागतात, म्हणून स्पष्ट सांगायला हवे की या होडीवर जाळे मुळी नाहीच. खांबांवरून पोलादी तारा पाण्यात उतरतात, प्रत्येक तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा असतो, आणि तारेवर ठरावीक अंतराने दोऱ्या अडकवून त्यांना चमकते पत्रे, आमिषे आणि गळ लावलेले असतात. होडी माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी दोन-तीन सागरी मैलांच्या वेगाने पुढे सरकत राहते.

खांबाचे टोक थरथरले. चरखी फिरू लागते, तार वर येते आणि मासा हाताशी येतो. शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके आणि हिरड्या काळ्या, म्हणजे हा किंग. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी रावस या कुळातला नव्हे. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालण्यासाठी बहुधा जन्माच्याच नदीत परततो, आणि अलास्कातील किंग तर अंडी घालून तिथेच मरतो. किंग २८ इंचांपेक्षा आखूड निघाला, तर त्याला परत सोडावे लागते. ठेवायच्या माशाचे कल्ले लगेच कापून रक्त वाहू दिले जाते, पोट साफ होते, आणि मग तो बर्फात जातो. एकेका माशावर माणसाचा हात असा फिरतो. हीच या पद्धतीची खरी किंमत आहे, आणि आम्हाला ती मोलाची वाटते.

आता डावीकडे पाहा. हे हम्पबॅक देवमासे आहेत. हिवाळ्यात यांच्यातील बरेचसे हवाई बेटांजवळच्या कोमट पाण्यात असतात, तिथे पिल्ले जन्मतात, पण खाणे जवळजवळ बंद असते. वर्षभराची भूक ते या थंड पाण्यात भागवतात. पाण्यावर उमटणारे बुडबुड्यांचे हे वर्तुळ म्हणजे त्यांचेच जाळे. खालून बुडबुडे सोडत ते हेरिंग माशांचा थवा कोंडतात, आणि मग सगळे एकदम तोंडे उघडून वर येतात.

सॅमनही हेरिंगच खातो, त्यामुळे कोळी आणि देवमासा एकाच पाण्यावर येऊन पोहोचतात. देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहावे, असा इथला सर्वसाधारण नियम आहे. तारा पाण्यात असताना होडीला एकदम वळता येत नाही, कारण त्या एकमेकींत गुंततात. म्हणून सुकाणूवरचा माणूस देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसताच बराच आधी वळण घेऊ लागतो, तेच हे मोठे, संथ वळण.

दक्षिणेकडे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यालगत मुख्यतः किंग सॅमन खाऊन जगणारे जेमतेम ७५ च्या आसपास ओर्का, म्हणजे काळे-पांढरे शिकारी देवमासे, उरले आहेत. त्यांचे अन्न वाचावे म्हणून झालेल्या दाव्यात खालच्या न्यायालयाच्या आदेशामुळे २०२३ मध्ये किंगचा हा हंगाम बंद पडता पडता राहिला, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

संध्याकाळी तारा वर घेतल्या जातात. गळ एकेक करून सोडवून काठावर ओळीने टांगले जातात, शिशाचे गोळे जागेवर बसतात, खांब पुन्हा उभे होतात. खाडीत नांगर पडल्यावर कोळी डेक धुऊन काढतो. फवाऱ्यांचा आवाज अजून ऐकू येतो आहे.