मिथेन उशिरा येतो, म्हणून येतच नाही असं नव्हे

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन, हे या सभागृहाला सांगायला नको. उत्तरेकडच्या अशा प्रदेशांतल्या मातीत सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. हाही आकडा तुमच्या ओळखीचा. मला बोलायचंय ते बाटलीतल्या प्रयोगाबद्दल, कारण जमीन वितळल्यावर हा कार्बन कोणते सूक्ष्मजीव खाणार आणि कोणत्या वायूच्या रूपात, कार्बन डायऑक्साइड की मिथेन, सोडणार हे आपण तिथंच शोधतो, आणि प्रयोग फार लवकर आटोपतो.

वरचा थर गोठलेला असतानाच कोर, म्हणजे जमिनीचा उभा दंडगोल नमुना, काढायचा. त्याची बाहेरची बाजू थंडीतच तासून टाकायची, कारण ड्रिलबरोबर वरच्या मातीतले सूक्ष्मजीव खाली आलेले असतात. आतली माती काचेच्या बाटलीत घालून रबरी बूच लावायचं, हवा काढून नायट्रोजन भरायचा, 4 अंशांवर अंधारात ठेवायचं. मग ठरावीक काळानं सुईनं वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचा. बूच जरा गळलं की ऑक्सिजन आत शिरतो आणि मिथेन बनवणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, ठप्प होतात. शिवाय थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून राहतो. सामू (pH) मोजून तो धरला नाही तर हिशेब कमी भरतो.

इतकं सांभाळूनही काही महिन्यांत बाटली बंद केली, तर मिथेन येतच नाही असं चुकीचंच उत्तर मिळू शकतं. सायबेरियातल्या लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशातली माती हॅम्बुर्गच्या संशोधकांनी 7 वर्षं अशी ठेवली. निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आर्कियांचा जम बसायलाच काही नमुन्यांत वर्षं गेली. तो बसल्यावर मात्र मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साधारण सारखेच निघू लागले. आपल्याकडे गोबरगॅसवाल्यांना हे पाठ आहे: नव्या टाकीतला सुरुवातीचा गॅस पेटत नाही, म्हणून जुन्या टाकीतली, हे आर्किया आधीच असलेली स्लरी आणून ओततात. हजारो वर्षं गोठलेल्या मातीत ती स्लरी कोण ओतणार?

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा हवामानाचा कबूल केलेला भाग भराभर सांगतो. ऑक्सिजन असेल तर मातीतून एकूण कार्बन जास्त निघतो, तिपटीहून अधिक. पण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. त्यामुळे वितळल्यावर जमीन कोरडी पडून तिला ऑक्सिजन मिळतो, की ती पाण्याखाली जाऊन मिथेन सोडते, हा प्रश्न कळीचा.

उत्तर स्वीडनमधल्या स्टॉर्डालेनला हा बदल शेजारी-शेजारी दिसतो. गोठलेले कोरडे उंचवटे खचून आधी स्फॅग्नम शेवाळाची दलदल होते. तिथं मेथॅनोफ्लोरेन्स नावाचा आर्किया हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवतो. जमीन आणखी खचून पाणी वर आलं की एरिओफोरम नावाचं पाणथळीतलं गवत येतं, आणि अ‍ॅसिटेटवर जगणारे आर्कियाही वाढतात. दलदलीच्या वरच्या थरात मिथेन खाणारे जिवाणू असतात खरे, पण या गवताच्या पोकळ ऊतींतून बराच वायू त्यांना चुकवून थेट हवेत जातो.